समजून घेतले, पण गेट पास कोण देणार? सुपरवायझरांसाठीच्या भावनिक बुद्धिमत्ता प्रशिक्षणाचा एक वर्षाचा अनुभव

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी गेली अकरा वर्षे मनुष्यबळ विभाग सांभाळतो. गेल्या वर्षी आम्ही एका प्रशिक्षण संस्थेकडून ‘भावनिक बुद्धिमत्ता आणि एम्प्लॉयी एंगेजमेंट’ या नावाची सेवा विकत घेतली, म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून हाताळणे आणि त्यातून कर्मचाऱ्यांचा कामातील गुंतलेपणा (एंगेजमेंट) वाढवणे. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच आमच्याच कारखान्याच्या पदरात पडतात, आणि शिवाय याच धर्तीचे पॅकेज थोड्याफार फरकाने अनेक संस्था विकत असल्यामुळे हा अनुभव कोणत्याही संस्थेशी व्यवहार करताना उपयोगी पडावा.

आम्हाला मिळालेल्या पॅकेजमध्ये २४ सुपरवायझर आणि लाइन लीडर यांची एक ऑनलाइन चाचणी, दोन दिवसांची कार्यशाळा, तीन महिन्यांचा पाठपुरावा, आणि कामगारांचे आधी व नंतर असे दोन वेळा होणारे सर्वेक्षण अहवालासह एवढ्या गोष्टी होत्या. दर माणशी साडेसात हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असा दर होता. सर्वेक्षण आणि अहवाल यांचे साठ हजार रुपये वेगळे. जेवण आणि सभागृह आमचे. दोन दिवस २४ सुपरवायझर लाइनवरून उठवणे ही या खर्चातली सर्वांत मोठी रक्कम असते, पण ती कोणत्याच कोटेशनमध्ये लिहिलेली नसते.

हे घेण्याची वेळ का आली, तर आमच्याकडे ट्रेनी आणि नवे ऑपरेटर टिकत नव्हते. राजीनाम्याच्या अर्जावर प्रत्येकाने ‘घरगुती कारण’ असेच लिहिलेले असायचे, आणि शेजारच्या प्लॉटमध्ये महिना पाचशे रुपये जास्त मिळतात हे घरगुती कारण नव्हे हे आम्हालाही कळत होते. तरीही गेटवर हिशेब चुकता करताना जी चार वाक्ये सहज बोलली जातात, त्यांत पगारापेक्षा ‘साहेब बोलतात कसे’ हाच विषय अधिक वेळा निघत असे. त्यामुळे वरिष्ठांनी ‘सुपरवायझरांना बोलायला शिकवा’ असा आदेश दिला आणि मी तीन संस्थांची कोटेशने मागवली.

विक्रीच्या वेळी दाखवलेल्या स्लाइड्सपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण असे पॅकेज घेणाऱ्या प्रत्येकाला त्या पाहाव्या लागतात. दुसऱ्याच स्लाइडवर ‘यशात ८० टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. हा आकडा अमेरिकन लेखक डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरील १९९५ सालच्या पुस्तकाच्या चुकीच्या वाचनातून आलेला आहे. आयुष्यातील यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के असतो आणि उरलेला भाग इतर गोष्टींचा असतो, असे तिथे म्हटले होते. आणि त्या इतर गोष्टींत सामाजिक स्तरापासून नशिबापर्यंत सगळेच येत होते. उरलेले सगळे ८० टक्के भावनिक बुद्धिमत्तेच्या खात्यावर जमा करण्याचे काम पुढे विकणाऱ्यांनी केले. दुसरा आकडा गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे ‘एंगेजमेंटचा ७० टक्के भाग व्यवस्थापकावर अवलंबून’ असा. गॅलपचे म्हणणे असे आहे की एका गटाचे आणि दुसऱ्या गटाचे एंगेजमेंटचे गुण वेगवेगळे निघतात, त्या फरकापैकी किमान ७० टक्के फरक व्यवस्थापकाशी जोडता येतो. गटागटांतील फरक आणि एका माणसाच्या मनाचा ७० टक्के हिस्सा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मी हे विचारले तेव्हा विक्री अधिकाऱ्याने ‘सर, कन्सेप्ट तोच आहे’ असे उत्तर दिले आणि पुढची स्लाइड लावली.

भावनिक बुद्धिमत्ता आणि एंगेजमेंट या दोन्ही कल्पनांची मूळ मांडणी योगायोगाने एकाच वर्षी, म्हणजे १९९० साली, अमेरिकेत झाली. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी भावनिक बुद्धिमत्तेवरचा त्यांचा निबंध त्या वर्षी प्रसिद्ध केला. पुढे १९९७ साली त्यांनी तिचे चार भाग सांगितले: भावना ओळखणे, विचार करताना त्यांचा उपयोग करून घेणे, त्या कशातून येतात आणि पुढे कुठे जातात हे समजणे, आणि स्वतःच्या व इतरांच्या भावना हाताळणे. विल्यम कान यांचा कामातील गुंतलेपणावरचा अभ्यासही १९९०चाच. त्यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुविशारदांच्या एका कार्यालयातील माणसे यांचे निरीक्षण केले आणि माणूस कामात स्वतःला कधी झोकून देतो याच्या तीन अटी मांडल्या. केलेल्या कामाला अर्थ आहे असे वाटले पाहिजे, खरे बोलल्याने आपले नुकसान होणार नाही असा निर्धास्तपणा हवा, आणि अंगात व मनात तेवढे बळ शिल्लक असले पाहिजे. रात्रपाळी करून दीड तास बसने घरी जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही तिसरी अट काय मागते, हे चाकणमध्ये कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मला या तीन अटींचे महत्त्व पॅकेज घेतल्यानंतर कळले. आधी कळले असते तर खरेदी थोडी वेगळी केली असती.

साहित्याच्या मराठीबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘संपूर्ण मराठीत उपलब्ध’ हा या संस्थेच्या विक्रीचा एक मोठा मुद्दा होता. साहित्य मराठीत होते खरे, पण ते मराठीत लिहिलेले नव्हते. चाचणीतील एक विधान असे होते: ‘मी माझ्या भावनांच्या संपर्कात असतो.’ आमच्या मशीन शॉपमधल्या एका ज्येष्ठ सुपरवायझरांनी ते दोनदा वाचले आणि शांतपणे विचारले, ‘फोनवर का?’ कामगारांच्या सर्वेक्षणात एंगेजमेंटसाठी ‘गुंतवणूक’ हा शब्द वापरलेला होता. ‘कंपनीतील तुमची गुंतवणूक समाधानकारक आहे का?’ या प्रश्नावर असेंब्लीतील काही जणांनी प्रॉव्हिडंट फंडाची शिल्लक आठवून उत्तर दिले, आणि एकाने समासात ‘पासबुक मिळत नाही’ अशी तक्रारही नोंदवली. आपल्याकडे यासाठी साधा, घरोघरी वापरला जाणारा प्रयोग आहे: कामात मन लागणे. ‘तुमचं कामात मन लागतं का?’ असे विचारले असते तर सातवी शिकलेल्या हेल्परनेही विचार करून उत्तर दिले असते. ही सूचना मी लेखी पाठवली होती. भाषांतर ‘प्रमाणित’ असल्यामुळे बदलता येत नाही, असे कळवण्यात आले.

ऑनलाइन चाचणी हा या पॅकेजमधील सर्वांत कमकुवत भाग आहे. तिच्यात माणसाने स्वतःलाच एक ते पाच गुण द्यायचे असतात, म्हणजे ‘मी रागावर ताबा ठेवतो’, ‘समोरच्याच्या मनातले मला ओळखता येते’ अशा विधानांपुढे खूण करायची. आमच्याकडे ज्या सुपरवायझरच्या पाळीत जायला ऑपरेटर नको म्हणतात, त्यांनाच या चाचणीत सर्वाधिक गुण मिळाले, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे दिलेले गुण होते. आपल्याला माणसे उत्तम कळतात अशी त्यांची मनापासूनची समजूत आहे. सर्वांत कमी गुण मिळवणारे सुपरवायझर म्हणजे घरचे लग्न असो की भांडण, सल्ला मागायला कामगार ज्यांच्याकडे जातात ते गृहस्थ. त्यांनी प्रत्येक विधानापुढे ‘कधी कधी’वर खूण केली होती. वास्तविक अशा स्वमूल्यमापनाला पर्याय आहे. मेयर, सॅलोवे आणि कारुसो यांची २००२ साली आलेली १४१ प्रश्नांची चाचणी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून आणि प्रसंग सांगून प्रत्यक्ष कौशल्य तपासते. तिच्यावरही आक्षेप आहेतच, बरोबर उत्तर कोणी ठरवायचे हा त्यातला मोठा, पण ‘तुम्ही हुशार आहात का?’ असे विचारून हुशारी मोजण्यापेक्षा ते बरे. २०१५ साली डाना जोसेफ आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून दाखवले की स्वतःच दिलेले असे गुण कामगिरीशी जुळतात ते मुख्यतः त्यांच्यात मेहनतीपणा, बहिर्मुखता, आत्मविश्वास अशा जुन्याच गोष्टी मिसळलेल्या असतात म्हणून. आमच्या अहवालात मात्र या गुणांचे रंगीत आलेख प्रत्येकी नऊ पाने छापून आले, आणि प्रत्येक सुपरवायझरने आपापला आलेख घरी नेला.

कार्यशाळेचा पहिला दिवस वाया गेला. शहरातून आलेले प्रशिक्षक बोलके आणि हसतमुख होते, परंतु त्यांची सगळी उदाहरणे ईमेलची, मीटिंगची आणि ‘डेडलाइन’ची होती, आणि ज्यांच्या दिवसाचे माप प्रति तास किती जॉब (मशीनवर तयार होणारे भाग) निघाले यावर ठरते, त्यांना त्यातले काही लागू पडत नव्हते. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देण्याच्या व्यायामात तिसऱ्या पाळीतून सरळ आलेले दोघे जण झोपून गेले, आणि माझ्या मते त्या सत्रात सर्वाधिक लाभ त्यांनाच झाला.

दुसऱ्या दिवसासाठी मी या संस्थेला पुन्हा बोलावेन. त्या दिवशीच्या प्रशिक्षिका सभागृहात येण्याआधी, पहाटे, पाळी बदलताना शॉप फ्लोअरवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात एक लहान डायरी होती, आणि सुपरवायझर त्या दिवशी आपल्या माणसाशी जे पहिले वाक्य बोलतो तेवढेच त्या लिहून घेत होत्या. सकाळी दहा वाजता त्यांनी ती वाक्ये कोणाचेही नाव न घेता वाचून दाखवली. ‘काल तुझ्या मशीनवर किती रिजेक्शन गेलं?’ ‘गॉगल कुठंय?’ ‘सात वाजून चार मिनिटं झाली.’ ‘कूलंट तपासलंस का नाही?’ एकूण एकोणीस वाक्ये होती, त्यांतली सतरा चुकीबद्दलची किंवा चुकीच्या संशयाची. उरलेल्या दोनांपैकी एक ‘चहा झाला का?’ हे होते, आणि दुसरे फक्त ऑपरेटरचे नाव, तेही हाक मारण्यासाठी. सभागृहात कोणी हसले नाही. कोणाचे वाक्य कोणते हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि एकोणिसातले एक वाक्य माझेही होते, कारण त्या सकाळी मीही फ्लोअरवर एका मुलाला हेल्मेटबद्दल टोकले होते.

यानंतर त्यांनी जे शिकवले ते अगदी थोडे आणि म्हणून लक्षात राहणारे होते. पाळीच्या सुरुवातीच्या दहा मिनिटांत रिजेक्शनचा, म्हणजे खराब निघालेल्या मालाचा, विषय काढायचा नाही, तो पहिल्या तासाच्या तपासणीनंतर मशीनपाशी काढायचा. माणूस नेहमीपेक्षा गप्प किंवा नेहमीपेक्षा जास्त बडबडा वाटला तर चारचौघांत न विचारता त्याला बाजूला घेऊन विचारायचे. आपल्याला राग आला असेल तर मेमो, म्हणजे चुकीबद्दलची लेखी समज, लिहून खिशात ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा वाचायचा. यातला शेवटचा उपाय आमच्या सुपरवायझरांना सर्वांत जास्त आवडला. दोघांनी मला नंतर खिशातले चुरगळलेले मेमो दाखवले, जे कधी दिलेच गेले नाहीत. रजेचा अर्ज नाकारण्याचा प्रसंगही प्रशिक्षिकांनी वठवून घेतला. ऑपरेटरची भूमिका करणारे आमचे एक फोरमन, ज्यांनी स्वतः पंचवीस वर्षे रजा नाकारण्यात घालवली होती, ते ‘साहेब, गावची जत्रा वर्षातून एकदाच येते हो’ म्हणताना असे काही कळवळले की समोरच्या सुपरवायझरने रजा मंजूरच करून टाकली आणि प्रशिक्षिकेला प्रसंग पुन्हा सुरू करावा लागला.

आता मुख्य गोष्ट. कार्यशाळेनंतर साधारण दोन महिन्यांनी दुसऱ्या पाळीत एका सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर सलग अकरा जॉबचे बोअर अंडरसाइज गेले, म्हणजे आतली भोके मापापेक्षा लहान निघाली, कारण ऑपरेटर इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, बदलायला विसरला होता. पूर्वी अशा वेळी ‘लक्ष कुठंय तुझं?’ हा प्रश्न आणि पाठोपाठ मेमो एवढाच कार्यक्रम होत असे. या वेळी सुपरवायझरने शिकवल्याप्रमाणे त्या मुलाला वॉटर कूलरपाशी बाजूला घेतले आणि काय झाले ते विचारले. बायकोला जालन्याला, तिच्या माहेरी, दवाखान्यात भरती केले होते; दिवस भरायला अजून दीड महिना होता आणि फोन लागत नव्हता. सुपरवायझरने, पुन्हा शिकवल्याप्रमाणेच, सांगितले की तुझी अवस्था मला समजते. त्यावर तो मुलगा म्हणाला, ‘समजतंय ना साहेब, मग गेट पास द्या की.’

पाळी चालू असताना बाहेर पडण्याच्या गेट पासवर विभागप्रमुखांची सही लागते. विभागप्रमुख साडेपाचला निघून गेले होते, आणि महिनाअखेरीचा माल रात्री रवाना व्हायचा असल्यामुळे फोनवर मिळालेले उत्तर ‘माल निघाल्यावर बघू’ असे होते. सुपरवायझरने ते उत्तर तसेच पोहोचवले. मुलाने पाळी संपेपर्यंत काम केले, एकही जॉब खराब काढला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नऊ दिवस न सांगता गैरहजर राहिला. परत आल्यावर त्याला जो मेमो मिळाला त्यावर सही माझी होती.

त्या सुपरवायझरने नंतर मला येऊन जे सांगितले, ते कोणत्याही अहवालात नाही. ‘आधी मला काही ठाऊकच नसायचं, त्यामुळे मी नाही म्हणायचो आणि विसरायचो. आता विचारायला शिकवलंत, तर ऐकून घ्यावं लागतं आणि तरीही नाहीच म्हणावं लागतं. यापेक्षा पहिलं बरं होतं.’ या पॅकेजमधील उणीव इतक्या थोडक्यात मला सांगता आली नसती. ज्याला दुसऱ्याची अडचण कळते पण ती सोडवण्याचा अधिकार नाही, त्याची भावनिक बुद्धिमत्ता वाढवली की कामगाराचा विश्वास वाढण्याऐवजी घटतो, कारण आता नकार अज्ञानातून येत नाही, जाणूनबुजून येतो. कामगाराच्या बाजूने पाहिले तर पूर्वीचा साहेब निदान अनभिज्ञ तरी होता.

संस्थेने हे आम्हाला आधी सांगायला हवे होते, असे माझे मत आहे. कामाच्या मागण्या एका बाजूला आणि त्या पेलण्यासाठी मिळणारी साधने दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी एव्हान्गेलिया डेमेरूटी, आर्नोल्ड बाकर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली केली, आणि एंगेजमेंटचा अभ्यास करणारे लोक आज तिचाच आधार सर्वाधिक घेतात. वरिष्ठाचा समजूतदारपणा हे त्या साधनांपैकी एक साधन आहे. पण कामाबाबत निर्णय घेण्याची थोडी मोकळीक, बदली माणूस, वेळेवर मिळणारी रजा हीदेखील साधनेच आहेत. पॅकेज विकणाऱ्याकडे यांपैकी पहिलेच साधन विक्रीला असते म्हणून तो त्याचेच गुणगान करतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु पाठपुराव्याच्या तीन महिन्यांत ‘सुपरवायझरला किती गोष्टींवर सही करता येते?’ हा एक प्रश्नही कोणी विचारला नाही. पाठपुरावा म्हणजे दर सोमवारी व्हॉट्सअॅपवर येणारा एक सुविचार आणि महिन्यातून एक व्हिडिओ कॉल एवढाच होता. दुसऱ्या कॉलला २४ पैकी सात जण हजर होते, आणि त्यांपैकी तिघे कॅन्टीनमध्ये होते.

आम्ही मग स्वतःच एक बदल केला. प्रत्येक पाळीत दोन माणसांपुरता गेट पास आणि एक दिवसाची रजा सुपरवायझरने स्वतःच्या सहीने द्यावी, आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना फक्त कळवावे, असा नियम करून घेतला. उत्पादन विभागाची भीती अशी होती की उद्यापासून निम्मी लाइन जालन्याला जाईल. पहिल्या महिन्यात गेट पास खरोखरच वाढले. तिसऱ्या महिन्यापर्यंत न कळवता होणारी गैरहजेरी कमी झाल्याचे हजेरीपत्रकात दिसू लागले. अर्थात याच काळात आम्ही मशीन शॉपसाठी दोन रिलिव्हर (बदली) ऑपरेटरही घेतले होते, त्यामुळे श्रेय सहीचे किती आणि रिलिव्हरचे किती हे वेगळे काढता येणार नाही. प्रशिक्षण झाले नसते तर ही सहीची मागणीच पुढे आली नसती, एवढे श्रेय मी प्रशिक्षणाला देतो.

आणखी एका बाबतीत सावध करावेसे वाटते. पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षकांनी ‘आतून काहीही वाटो, चेहरा शांत ठेवा’ असा मंत्र दिला होता. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातील हवाई सुंदरी आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास करून दाखवले की पगारासाठी चेहऱ्यावर भावना वागवणे हेही श्रमच आहेत आणि त्यांचीही झीज होते. वरवरचा शांतपणा टिकवण्याचे हे काम आमच्या सुपरवायझरांच्या नेहमीच्या कामात भर म्हणून आले, मोबदल्यात किंवा मनुष्यबळात मात्र काही भर पडली नाही. एका सुपरवायझरच्या पत्नीने आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मला हसत सांगितले, ‘कंपनीत आता ओरडत नाहीत म्हणे, म्हणून घरी येऊन ओरडतात.’ ती गंमत होती की तक्रार हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. याच कारणासाठी हे प्रशिक्षण सर्व कामगारांना देण्याचा संस्थेचा प्रस्ताव मी नाकारला. जोसेफ आणि न्यूमन यांच्या २०१० सालच्या संकलित अभ्यासातही असेच दिसते की भावनिक बुद्धिमत्तेचा कामगिरीशी संबंध जिथे माणसांच्या भावना सांभाळणे हाच कामाचा भाग आहे तिथे जास्त जुळतो. सुपरवायझरचे काम त्यात बसते; दिवसभर एका मशीनसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरला त्याचा उपयोग कमी.

सर्वेक्षण आणि अहवाल यांसाठी मोजलेले साठ हजार रुपये मला परत मिळाले तर हवे आहेत. पहिले सर्वेक्षण जूनमध्ये झाले आणि त्याच्या फॉर्मवर वरच्या कोपऱ्यात टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा ओळख क्रमांक, लिहायचा होता. फॉर्मच्या खाली ‘आपली उत्तरे गोपनीय राहतील’ असे छापलेले होते, पण टोकन नंबर लिहिल्यावर कोण साहेबाविरुद्ध लिहिणार? बहुतेक जणांनी सगळीकडे पाचवर खूण केली. मी हरकत घेतल्यावर दुसऱ्या वेळी नंबरचा रकाना काढला, त्यामुळे दोन्ही सर्वेक्षणांची तुलनाच बिघडली. त्यातही दुसरे सर्वेक्षण दिवाळीच्या बोनसचे पैसे खात्यात जमा झाल्यानंतरच्या आठवड्यात घेतले गेले. कायद्याने किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो, आणि आम्ही त्याहून थोडा जास्त देतो. त्या आठवड्यात कोणालाही काहीही विचारले तरी उत्तर गोडच येते. अहवालाने या सुधारलेल्या गुणांचे सगळे श्रेय कार्यशाळेला दिले. सुपरवायझरांची स्वतःची दुसरी चाचणी तर कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणात गुलाबजाम झाल्यानंतर लगेच, तिथेच बसून घेतली होती. एकाच माणसाने एकाच वेळी स्वतःला समजूतदारपणाचे गुण द्यायचे आणि कामातल्या उत्साहाचेही, आणि मग ते दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात असा शोध लावायचा, ही पद्धत अनेक अहवालांत दिसते. माणूस त्या दुपारी खुशीत असेल तर दोन्ही आकडे वर जातात, त्यासाठी एकाचे दुसरे कारण असण्याची गरज नाही.

एंगेजमेंट मोजायचीच असेल तर शाउफेली आणि बाकर यांची, नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात तयार झालेली, जोम, समर्पण आणि तल्लीनता अशा तीन अंगांनी विचारणारी प्रश्नावली आहे; तिची नऊ प्रश्नांची छोटी आवृत्ती २००६ साली आली. ती कोणी चांगल्या मराठीत करून, नंबर न विचारता, आणि सुपरवायझरविषयीची मते सुपरवायझरऐवजी त्याच्या माणसांकडून घेऊन वापरली, तर निदान आकड्यांना काही अर्थ राहील. आमच्या सर्वेक्षणात कंत्राटी कामगारांना घेतले नव्हते, हेही नमूद करतो. लाइनवर ते कायम कामगारांच्या शेजारीच उभे असतात आणि त्याच सुपरवायझरची तीच वाक्ये ऐकतात, परंतु त्यांची रजा ठेकेदार ठरवतो आणि त्यांचे मत कोणी विचारत नाही. हा निर्णय संस्थेचा नव्हता, आमचा होता.

दर्जाच्या दृष्टीने सांगायचे तर दुसऱ्या दिवसाच्या प्रशिक्षिकेचे काम उत्तम, पहिला दिवस कामाचा नाही, चाचणी आणि अहवाल अनावश्यक, पाठपुरावा नावापुरता. असे पॅकेज घेणाऱ्यांनी प्रशिक्षक कोण येणार हे करारात नावानिशी लिहून घ्यावे, आणि कार्यशाळेची तारीख ठरवण्याआधी आपल्या सुपरवायझरला कोणकोणत्या कागदावर सही करता येते याची यादी काढावी. आमची यादी काढली तेव्हा तिच्यावर तीनच गोष्टी होत्या: हातमोज्यांची मागणी, तुटलेल्या इन्सर्टचा जमाखर्च आणि मेमो.

यंदा मी त्याच संस्थेकडून फक्त त्या प्रशिक्षिकेचा एक दिवस आणि पाळी बदलतानाच्या निरीक्षणाच्या दोन पहाटा एवढेच मागितले आहे. संस्थेचे उत्तर आले की पॅकेज तोडून देता येत नाही, मात्र आमच्यासारख्या जुन्या ग्राहकासाठी अहवालावर १० टक्के सवलत मिळेल. बोलणी चालू आहेत.